१९५४ चा टपालतिकीट शताब्दी संच : एका फ्रेमच्या मांडणीच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

विषय ठरला : १ ऑक्टोबर १९५४ रोजी निघालेला भारतीय टपालतिकीट शताब्दी संच. चार तिकिटे, १ आणा, २ आणे, ४ आणे आणि १४ आणे. टपालतिकिटांच्या गिबन्स कॅटलॉगमध्ये क्रमांक ३४८ ते ३५१. मांडणी प्रदर्शनासाठी, एका फ्रेमची, म्हणजे ए-फोर आकाराची १६ पाने, चार ओळींत चार-चार.

संच साधा आहे, महाग नाही, कोरा तर कुठेही मिळतो. म्हणूनच तो मांडायला अवघड. चार कोरी तिकिटे एका पानावर बसतात, उरलेली १५ पाने भरायची कशाने, हा खरा प्रश्न. परीक्षणाचे १०० गुण असे विभागलेले असतात : विषयाची हाताळणी आणि महत्त्व ३०, ज्ञान आणि अभ्यास ३५, स्थिती आणि दुर्मिळता ३०, सादरीकरण ५. देखण्या पानांना फक्त पाच गुण. रंगीत चौकटी आणि पार्श्वभूमीची चित्रे आजच बाद केली.

१८ फेब्रुवारी

पहिल्या पानाचा मजकूर लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्याला अडलो. शताब्दी नेमकी कशाची?

बरेच संग्राहक पानावर ‘भारतीय टपालाची शंभर वर्षे’ असे लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. कंपनी सरकारची टपालसेवा वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७७४ मध्येच, सर्वसामान्यांसाठी खुली झाली होती. १८३७ मध्ये टपालाचा कायदा झाला. त्याही आधी देशी राज्यांची स्वतःची व्यवस्था होती, पेशवाईत पत्रे जासूद नेत. तिकीट म्हणाल तर तेही १८५४ चे पहिले नाही. १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात तिथले कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी ‘सिंध डाक’ काढले, अर्ध्या आण्याचे, आशियातले पहिले चिकटवायचे टपालतिकीट. पाकिस्तानने ऑगस्ट १९५२ मध्ये त्याची शताब्दी आपल्या तिकिटांवर साजरी केली, कारण कराची त्यांच्याकडे गेली.

मग १ ऑक्टोबर १८५४ ला काय झाले? अखिल भारतासाठी एकच तिकीट, नवा टपाल कायदा आणि अंतरावर नव्हे तर वजनावर ठरलेला दर, या तिन्ही गोष्टी एकत्र लागू झाल्या. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पत्र मुंबईहून ठाण्याला जावो की कलकत्त्याला. पाव तोळा म्हणजे सुमारे २.९ ग्रॅम, एक पातळ कागद. तिकीट न लावता टाकलेल्या पत्रावर दुप्पट आकार. आगाऊ भरलेल्या पैशांची पावती पत्रावरच चिकटवण्याची ही रीत देशभर एकसारखी झाली, तिची शताब्दी १९५४ मध्ये साजरी झाली. पुढे २००४ मध्ये टपाल खात्याने १५० वर्षे साजरी केली, तीही १८५४ हेच वर्ष धरून.

पानाचा मथळा ‘टपालतिकीट शताब्दी’ असाच राहील, ‘टपाल शताब्दी’ नाही. सोळाही पानांवर हा फरक पाळायचा.

३ मार्च

हाताशी असलेल्या मालाची मोजणी :

कोरे पूर्ण संच ७, त्यांपैकी ३ हिंज (तिकीट अल्बमला चिकटवायची डिंकाची कागदी पट्टी) लावलेले. चार जोडलेल्या तिकिटांचे ब्लॉक : २ आण्यांचे २, १४ आण्यांचा १ (मागच्या कागदाला चिकटलेला). वापरलेली सुटी तिकिटे कागदासकट २०० च्या आसपास, त्यांत २ आण्यांची तीन चतुर्थांशाहून जास्त. पाकिटे ३१. पहिल्या दिवसाची कव्हरे (तिकीट निघाले त्याच दिवशी शिक्का मारलेले लिफाफे) ४.

ब्लॅक-अँड-व्हाइट स्कॅनवरून यादी करू नये. २ आणे आणि १४ आणे यांची रचना एकच आहे, हवाई टपालाची. फरक रंगाचा आणि किमतीच्या आकड्याचा. २ आणे गडद गुलाबी, १४ आणे निळे. १ आण्यावर १८५४ ची टपालवाहतूक, तिकीट तांबूस जांभळे. ४ आण्यांवर १९५४ ची टपालवाहतूक, नारिंगी तपकिरी. जुन्या याद्यांत दोन पाकिटांवर किमतीच उलट लिहिलेल्या सापडल्या, त्या दुरुस्त केल्या.

१० मार्च

कागदावरची तिकिटे सोडवली. आधी वर्गवारी, मग पाणी, हा क्रम मोडला की नुकसान ठरलेले. बाजूला काढायचे ते असे : रंगीत कागदावरची, जांभळ्या शाईचा शिक्का असलेली आणि कॉपिंग पेन्सिलने काही लिहिलेली. त्या काळी टपाल कचेऱ्यांत कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरत. ओली झाली की तिची रेघ जांभळी फुटते आणि त्या भांड्यातल्या सगळ्या तिकिटांना डाग देते. अशी १४ तिकिटे निघाली, ती कागदासकटच ठेवली. त्यांतल्या तीनवर पूर्ण वाचता येणारा शिक्का आहे. सोडवण्यापेक्षा तशीच जास्त उपयोगी.

बाकीची थंड पाण्यात, पसरट भांड्यात, एका वेळी ४० पेक्षा जास्त नाही. वीस मिनिटांत बहुतेक आपोआप सुटतात. न सुटलेली ओढायची नाहीत, पाणी बदलून आणखी दहा मिनिटे द्यायची. नंतर दुसऱ्या स्वच्छ पाण्यातून मागची बाजू बोटाने हलके फिरवून काढायची. डिंकाचा अंश राहिला तर टीपकागदाला चिकटून मागचा पापुद्रा जातो, आणि पातळ झालेल्या तिकिटाला मांडणीत जागा नाही. वाळवताना चित्र खाली, डिंकाची बाजू वर. पूर्ण वाळण्याच्या आधीच, किंचित ओल असताना, दोन टीपकागदांत घालून वजनाखाली चोवीस तास.

नुकसान : एक ४ आण्यांचे पातळ, दोन २ आण्यांचे कोपरे मुडपलेले.

२४ मार्च

जलचिन्ह (कागदातच उमटवलेली खूण) आणि दाते (कडेच्या छिद्रांतून झालेले).

या संचाचा कागद ‘मल्टिपल स्टार’ जलचिन्हाचा आहे, ताऱ्यांच्या रांगा. हाच कागद नाशिकमध्ये १९२६ पासून वापरात होता. अशोकस्तंभाचे जलचिन्ह १९५८ पासूनचे. म्हणजे राजाचे चित्र नसलेल्या, १९५४ च्या स्वतंत्र भारताच्या तिकिटाच्या पोटात ब्रिटिश काळापासून चालत आलेला तारा आहे. हे एका ओळीत पानावर यायला हवे.

तारा १ आणा आणि ४ आण्यांवर उजेडासमोर धरला तरी दिसतो. १४ आण्यांच्या गडद निळ्यावर दिसत नाही. त्यासाठी काळी बशी, तिकीट पालथे, वर बेन्झिनचे (लायटरमध्ये भरतात तसल्या पेट्रोलियम स्पिरिटचे) तीन-चार थेंब. बेन्झिनने डिंक विरघळत नाही, म्हणून कोऱ्या तिकिटालाही चालते. पण इथे एक धोका आहे. हा संच फोटोग्राव्युअर (कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या) छपाईचा. या छपाईच्या काही शाया बेन्झिनमध्ये सुटतात. म्हणून आधी प्रत्येक रंगाच्या एका फाटक्या वापरलेल्या तिकिटावर चाचणी घेतली : थेंब टाकून पांढऱ्या टीपकागदावर दाबले, रंग उतरला नाही, तेव्हाच चांगल्यांना हात लावला. खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही.

दात मोजताना दोन सेंटिमीटरमधली छिद्रे मोजायची, आधी आडवी कड, मग उभी. तीन-तीन तिकिटे घेऊन सरासरी काढली. एकच तिकीट घेतले तर कड किंचित कमी-जास्त फाटलेली असते आणि पाव दाताचा फरक येतो. कोपऱ्यातला तुटका दात प्रत्येक तिकिटावर भिंगातून पाहिला. दोन संच त्यातच गळाले.

१४ एप्रिल

छपाईचे पान हे या मांडणीचे काळीज आहे, त्यावर दोन आठवडे दिले.

१८५४ ची तिकिटे कलकत्त्यात, सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत, कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली शिळाप्रेसवर छापली. आधी अर्ध्या आण्याचे तिकीट शेंदरी रंगात, बाजूच्या चौकटीत साडेनऊ कमानी असलेले, तयार झाले. विलायतेहून आलेली शेंदरी शाई संपली, इथली शाई दगडावर टिकेना, म्हणून ते बाद करून रंग निळा केला आणि कमानी आठ झाल्या. निळा अर्धा आणा आणि तांबडा १ आणा दगडावर छापले. दोन्हींचे पूर्ण ताव ९६ तिकिटांचे. हिरवे २ आणे मात्र कलकत्त्याच्या टांकसाळीत ठशांनी छापले. ४ आणे दोन रंगांत, म्हणजे ताव दोनदा दगडावरून जायचा, आधी तांबडी चौकट, मग निळे डोके. दुसऱ्या फेरीत ताव उलटा ठेवला गेला की राणीचे डोके उलटे. जगातल्या सुरुवातीच्या दुरंगी तिकिटांतली ही चूक तिथूनच आली.

मग सत्तरेक वर्षे छपाई लंडनला, दे ला रू कंपनीकडे. १९२६ पासून नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस. १९३१ चे नवी दिल्ली उद्घाटनाचे तिकीट, भारताचे पहिले स्मारक तिकीट, तिथलेच. फोटोग्राव्युअर यंत्र तिथे आल्यावर पहिला मान १ ऑक्टोबर १९५२ च्या संत-कवी मालिकेला मिळाला : कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. त्यानंतर १६ एप्रिल १९५३ रेल्वे शताब्दी (बोरीबंदर ते ठाणे, १८५३), २ ऑक्टोबर १९५३ एव्हरेस्ट, १ नोव्हेंबर १९५३ तार शताब्दी, आणि मग हा संच. शंभर वर्षांत छपाई कलकत्त्याच्या दगडावरून लंडनमार्गे नाशिकच्या सिलिंडरवर आली, ही ओळ पान ५ वर जाईल.

फरक कसा दाखवायचा? दहापट भिंगाखाली तीन तिकिटे शेजारी. शिळाप्रेसचा रंग सपाट, कडा किंचित मऊ, मागे उठाव नाही. ठशांच्या छपाईत कडेला शाईची गडद रेघ आणि मागून बोटाला किंचित उठाव लागतो. फोटोग्राव्युअरमध्ये भरीव वाटणारा रंगसुद्धा बारीक जाळीच्या ठिपक्यांचा असतो आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. तिन्हींचे मोठे केलेले छायाचित्र, प्रत्येकी ४ सेंमी रुंद, पान ५ वर. याहून मोठे नको, नाहीतर खरी तिकिटे झाकोळतात.

१८५४ चा निळा अर्धा आणा एक मिळाला, ठिपक्यांच्या चौकोनी शिक्क्याचा, तीन बाजूंनी समास पुरेसा. तिकिटाला दाते नाहीत, पोस्टात कात्रीने कापून देत, म्हणून चारही समास शाबूत क्वचितच. याची नकली प्रत खूप फिरते. तपासणी : कमानी आठ आहेत का, शाई सपाट आहे का, कागद त्या काळचा आहे का. छायाचित्रावरून घ्यायला नकार दिला, हातात घेऊन भिंगाखाली पाहिला.

५ मे

आता पाकिटे. मांडणीचे निम्मे वजन यांच्यावर आहे.

स्मारक तिकीट पोस्टात विकले जाते ते पत्रावर लागण्यासाठी. त्याने काय काम केले, हे सुट्या तिकिटावरून कळत नाही. त्या वेळी देशांतर्गत पत्राचा पहिला टप्पा २ आणे. म्हणून २ आण्यांचे तिकीट एकटे लावलेले पाकीट सगळ्यात सोपे. ३१ पैकी १९ तसलीच. जास्त वजनाच्या पत्राला १ आण्याची भर, तिथे १ आणा + २ आणे अशी जोडी येते, आणि आपल्याकडे तशी दोनच आहेत. १ आण्याचे तिकीट एकट्याने दर भरते असे पाकीट एकही नाही. ४ आण्यांची चार, त्यांतली दोन रजिस्टर. १४ आण्यांचे तिकीट बहुतेक परदेशी हवाई पत्रांवर भेटते. एव्हरेस्टच्या जोडीतही २ आणे आणि १४ आणेच होते. १४ आण्यांची पाकिटे तीन, तिन्ही पाकिटांचा कागद पातळ, घड्या पडलेला.

प्रत्येक पाकिटासाठी चार गोष्टी वहीत : रवानगीचा शिक्का आणि तारीख, पोचीचा शिक्का (मागच्या बाजूला), एकूण आणे, त्या आण्यांचा हिशेब. हिशेब जुळला नाही तर पान लिहायचे नाही. हौशीने चारही तिकिटे लावून पाठवलेली पाकिटे, एकूण २१ आणे, देखणी असतात पण कुठलाच दर भरत नाहीत. अशी बाजूला ठेवली.

एक दुर्लक्षित धागा : १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. आण्याची उरलेली तिकिटे काही काळ नव्या पैशांच्या तिकिटांबरोबर चालली. सरकारी रूपांतरात १ आणा ६ नये पैसे, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. पत्राचा दर १३ नये पैसे. म्हणजे २ आण्यांच्या शताब्दी तिकिटाला १ नया पैसा जोडावा लागतो. असे पाकीट शोधायचे. मिळाले तर शेवटचे पान तेच.

२ जून

पहिल्या दिवसाची कव्हरे आणि संशयित पाकिटे ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली तपासली, अंधाऱ्या खोलीत. ४ पैकी एका कव्हराचा कागद निळसर पांढरा चमकला. १९५४ चा साधा लिफाफा असा चमकणे संशयास्पद. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ते रसायन नंतर सरसकट झाले. शिक्का मात्र खरा वाटतो, म्हणजे बहुधा जुने तिकीट तुकड्यासकट नव्या लिफाफ्यावर बसवले आहे. काठाला भिंग लावल्यावर शिक्क्याची रेघ तिकिटावरून लिफाफ्यावर उतरताना अर्ध्या मिलिमीटरने सरकलेली दिसली. बाद.

आणखी एक १४ आण्यांचे पाकीट बाद : तिकीट कुठल्याच शिक्क्याने लिफाफ्याशी बांधलेले नाही आणि मागे पोचीचा शिक्का नाही. विक्रेत्याने चांगल्या मनाने दिले असेल, पण पुराव्याविना त्याला पान नाही.

कोऱ्या संचांतला एक नव्याने डिंक लावलेला निघाला. ओळख : दातांच्या टोकांचे तंतू मऊ असायला हवेत, इथे ते डिंकात भिजून कडक झाले होते, आणि टोके बोटाला टोचत होती.

३० जून

पाऊस लागला. कपाटात आर्द्रता ८२ टक्के. नाशिकच्या डिंकाला हे सोसत नाही. तिकिटे अल्बमच्या पानाला धरतात आणि कागदात तांबूस डाग उठतात. एकदा उठले की ते काढायला रसायन वापरू नये. डाग फिका होतो पण कागद ठिसूळ होतो आणि रंगही मरतो. डाग असलेले तिकीट वेगळे ठेवायचे, बाकीच्यांना लागू द्यायचे नाही.

उपाय : पोलादी कपाटात सिलिका जेलच्या २५० ग्रॅमच्या चार पिशव्या, प्रत्येक कप्प्यात एक, आणि वर आर्द्रतामापक. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, थंड होईपर्यंत झाकून. लक्ष्य ५० टक्के. चाळिसाच्या खाली नेऊ नये, डिंकाला तडे जातात आणि तिकीट गुंडाळते. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटे सगळी काढली. त्यांतला मऊपणा आणणारा द्रव बाहेर येऊन तिकिटाला तेलकट करतो. त्याऐवजी पॉलिएस्टरची.

२१ जुलै

मागच्या कागदाला चिकटलेला १४ आण्यांचा ब्लॉक सोडवला. पाण्यात टाकला असता तर डिंक गेला असता. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर ब्लॉक चित्र वर करून. दर तासाला पाहिले. सातव्या तासाला कोपरा सुटला, नवव्याला चिमट्याने सगळा अलगद निघाला. डिंकावर कागदाची वीण उमटली आहे, म्हणून पानावर ‘डिंक विस्कटलेला’ असे स्पष्ट लिहायचे. ब्लॉकच्या मधली छिद्रांची रेघ शाबूत राहिली, हे मोठे समाधान.

त्याच दिवशी १ नया पैसा + २ आणे शताब्दी तिकीट असलेले, मे १९५७ चे पाकीट मिळाले. पोचीचा शिक्का स्वच्छ. हिशेब १२ + १ = १३, जुळला.

१ सप्टेंबर

पाने लागली : १ मथळा आणि आराखडा, २ ते ४ पूर्वपीठिका (१८५४ चा अर्धा आणा पान ३ वर), ५ छपाई, ६ ते ८ कोरी तिकिटे, ब्लॉक, जलचिन्ह, ९ पहिला दिवस, १० ते १५ वापर किमतीनुसार, १६ नये पैसे.

हवाई टपालाचे एक पान काढून टाकले. १८ फेब्रुवारी १९११ ला आन्री पेके यांनी अलाहाबादहून नैनीला पत्रे विमानाने नेली, त्याची सुवर्णजयंती तिकिटे १८ फेब्रुवारी १९६१ ला निघाली, आणि आपल्या २ व १४ आण्यांवर हवाई टपालच आहे. मोह होता. पण १९६१ ची तिकिटे या संचाचा भाग नाहीत. पारंपरिक मांडणीत ते भटकणे ठरते. त्या जागी १ + २ आण्यांचे दुसरे पाकीट आले, ते जड पत्राचे.

२२ सप्टेंबर

बसवणी. कागद आम्लरहित, १६० ग्रॅमचा. माउंट (तिकीट ठेवायची पारदर्शक पाकिटे) तिकिटापेक्षा चारी बाजूंनी दीड मिलिमीटर मोठे कापले. घट्ट कापले की दाते वाकतात. पाकिटांना कोपऱ्याचे खिसे, चिकटपट्टी कुठेही नाही. २ आण्यांच्या गुलाबी रंगाला ऊन सोसत नाही, म्हणून टेबल खिडकीपासून दूर आणि काम संपले की पाने झाकून.

प्रत्येक वस्तूखाली जास्तीत जास्त तीन ओळी : काय, कोणत्या दराने, कुठून कुठे. मजकुराचा आकार १० पॉइंट. उभ्याने फ्रेम पाहणाऱ्याला ९ पॉइंट वाचवत नाही.

६ ऑक्टोबर

शेवटची तपासणी. पान ९ वरची तारीख चुकून १० ऑक्टोबर छापली होती, नव्याने छापले. पान १२ वरील ४ आण्यांच्या रजिस्टर पाकिटाचा हिशेब पुन्हा मांडला, जुळला. सोळाही पाने पॉलिएस्टरच्या आवरणात, मागे पेन्सिलने क्रमांक, वरच्या उजव्या कोपऱ्यात. चपट्या खोक्यात उभी नाही, आडवी, प्रत्येक चार पानांमध्ये एक पुठ्ठा, आणि तळाशी सिलिका जेलची छोटी पिशवी. १ आण्याच्या एकट्या वापराच्या पाकिटाची जागा पान १० वर रिकामी ठेवलेली नाही. मिळाले तर दुसरे पाकीट उचलून तिथे बसेल, त्याचे माउंट कापून पाकिटात ठेवले आहे.